कापलेल्या पानावरचं मेण

१

कापलेल्या पानाची जी पट्टी शिवणीत उरली होती ती चार मिलिमीटर रुंद होती. कड सरळ होती, कुठे अडखळलेली नाही, कुठे दातरे नाहीत. वरून खाली, एकाच ओढीत, हात न थांबवता कापलेली. इथवर नवल नव्हतं. नवल पुढेच होतं. त्या कडेवरून कोणीतरी मेणाचा पातळ हात फिरवला होता, इतका पातळ की वही उजेडात तिरकी धरली तरच तो चमकायचा. त्याच मेणाने ती पट्टी शेजारच्या पानाला चिकटवलेलीही होती.

चोराने पान नेलं आणि जाता जाता जखमेला मलम लावलं होतं.

भिंगताईने भिंग खाली ठेवलं. ती बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. गळ्यात कायम भिंग लटकलेलं, म्हणून तिथल्या पोरांनी हे नाव ठेवलं आणि ते घरापर्यंत पोचलं. वय चव्वेचाळीस. कसलाही आकडा पाहिल्याशिवाय न बोलणारी बाई. आत्ता मात्र ती काही न मोजताच बोलली.

"काका, हे पान कधी गेलं?"

दप्तरखान्याचे काका टेबलामागून उठून आले. टेबलावर लाखेची कांडी आणि मेणबत्ती होती, पाकिटांना मोहोर करायला. त्यांनी वही पाहिली आणि मटकन बसले.

"अहो, गेल्या महिन्यात कपाट सरकवलं तेव्हा ही वही सापडली. तेव्हा पानं पुरी होती. मी स्वतः मोजली. आता माझी नोकरी जाणार बघा. निवृत्तीला वर्ष राहिलं नि हे!"

"कोणाकोणाला दाखवलीत?"

"वंशावळीवाल्या मास्तरांना. ते नुसती चाळून गेले, वाचायला पुन्हा येतो म्हणाले. आणखी येतात चार माणसं, कोण काय मागतं कुठे लक्षात राहतं? मी या झाडाला पाणी घालू की पहारा देऊ?" त्यांनी खिडकीकडे बोट केलं. तिथे कुंडीत लिंबाचं नवं कलम होतं, खोडाला चिंधी बांधलेलं. "एवढं एक जिवंत आहे इथे. बाकी सगळे मेलेले."

एरवी ती हसली असती.

वही होती दीडशे वर्षांपूर्वीची, देवीची लस टोचत वस्तीवस्तीत फिरणाऱ्या माणसाची. तो प्रत्येक मुलाचं वय लिहायचा आणि आई आहे की गेली तेही लिहायचा. मागची-पुढची पानं पाहता गेलेलं पान नेमकं तिच्या वस्तीचं होतं. त्या पानावर तिच्या खापरपणजोबांची आई कोण, हे ठरणार होतं. आणि त्यावर भिंगताई पुढे स्वतःच्या हाताने जेवू शकेल की नाही, हे.

२

तो आजार घरात 'झोका' म्हणून ओळखला जायचा. चाळिशी उलटली की, कधी त्याच्या बऱ्याच आधीही, बोटं आपोआप हलू लागतात, मग हात, मग चाल. माणूस उभ्या उभ्या झुलतो. शेवटी बोलणंही जातं. औषध नाही. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मात्र ज्याला तो नसतो, त्याच्या पुढच्या कोणालाही तो होत नाही.

घराण्याचा मूळपुरुष साधा शेतकरी होता. पहिली बायको झोक्याने गेली, म्हणून दुसरं लग्न केलं. पहिलीच्या मुलाचा वंश म्हणजे थोरलं घर, तिथे पिढी दर पिढी कोणीतरी झुलत आलेलं. दुसरीच्या, म्हणजे धाकटीच्या, मुलाचा वंश म्हणजे भिंगताईचं घर, स्वच्छ. हे मास्तरांनी शोधून काढलं होतं. जन्मनोंदीत आईचं नाव लिहीत नसत, पण खापरपणजोबांची नोंद दुसऱ्या लग्नानंतर वर्षभराने झालेली. मग आई दुसरी कोण असणार?

या एका वाक्यावर भिंगताई कित्येक वर्षं जगली होती. परगावी शिकणाऱ्या लेकीने दोनदा सरळ विचारलं होतं, "आई, आपण त्यातले आहोत का?" दोन्ही वेळा तिने सांगितलं होतं, "नाही. आपण धाकटीचे." रक्ताची तपासणी निघाल्यालाही जमाना झाला होता. तिने ती केली नव्हती. गरजच काय?

पण गेल्या महिन्यात दोनदा तिच्या हातातून चिमटा पडला. म्हणून ती स्वतःच दप्तरखान्यात जुने कागद बघायला गेली, आणि काकांनी ती वही पुढे ठेवली.

ती गेली तेव्हा मास्तर घरी पुस्तकं बांधत बसले होते. शिकवणं सुटल्यापासून जुन्या शेतकरी घराण्यांच्या वंशावळी लावणं हाच त्यांचा धंदा आणि हीच नशा. सुईतला दोरा ते मेणाच्या वडीवरून ओढत होते. तिची नजर त्या वडीवर खिळली.

"पान कापलं? माझ्या वहीचं?" मास्तर ओरडले. "कोण तो नतद्रष्ट!"

"वही तुमची कुठली, मास्तर?"

"शोधली कोणी? आणि तुम्ही अशा काय बघताय माझ्याकडे? मी कापीन होय? बाई, माझं पुस्तक छापायला चाललंय!"

"ते पान तुमच्या पुस्तकाच्या विरुद्ध निघालं असतं तर?"

मास्तरांनी सुई खाली ठेवली. क्षणभर त्यांचा चेहरा खरंच पडला, मग ते उसळले. "माझं काही चुकत नाही. त्या वस्तीची प्रत्येक नोंद मला पाठ आहे. तिथे जुळी किती व्हायची ठाऊक आहे तुम्हाला? दर चार-पाच घरांत एक जोडी! एका घरी तर तिळी. मी एक प्रकरणच लिहिलंय त्यावर."

"वही सापडल्याचं कोणाला सांगितलंत?"

"थोरल्या घरच्या दादाला. आणि तुम्हाला."

"मला?"

"तुम्ही कामावर होता. घरी निरोप ठेवला की. मिळाला नाही?"

तिला कसलाही निरोप मिळाला नव्हता.

३

दादाकडे जायचं तिने तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी स्वतःचीच लाज वाटून गेली.

दादा नात्याने चुलतच, पण पाच पिढ्यांपलीकडचा. वयाने तिच्याहून थोडा मोठा. खुर्चीला पाठीमागून पट्टा लावून बसवलेला. त्याचे हात मांडीवर एकमेकांशी झोंबत होते, खांदा मध्येच वर जायचा, चेहऱ्यावर नसलेलं हसू यायचं. ती दारातच थबकली. तिला वाटलं, हे आपण पाहायला नको होतं.

"ये, ये. बघायला आलीस?" शब्द चिकटत होते, पण टोचणी शाबूत होती. "तिकीट नाही काही."

"दादा, असं काय बोलतोस."

"मग कसं बोलू? तू सुटलीस बाई. धाकटीची! आम्ही थोरलीचे." वहिनीने पुढे केलेला कप त्याने घ्यायला हात उचलला. हात कपावरून भरकटत गेला, परत आला, कपाला लागला. चहा सांडला. वहिनीने पुसलं. रोजचंच असावं.

"दप्तरखान्यातलं पान कोणीतरी कापलं."

"मी कापलं म्हणतेस?" तो खरोखर हसला. "का कापू? माझं तर सगळं लिहून ठरलेलंय. आणि कापू कशाने? या हातांनी?"

ती सरळ, न थांबलेली कड तिच्या डोळ्यांपुढे होती. हे हात ती कापू शकत नव्हते. तिच्या यादीतून एक नाव गेलं आणि तिला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

ती उठली तेव्हा दादा एकदम गंभीर झाला. "थांब. तुझे वडील गेले तेव्हा तू केवढी होतीस?"

"सात वर्षांची. कोठारातल्या शिडीवरून पडले."

"मी दहाचा होतो. सुट्टीत तुमच्याकडे यायचो." त्याचा खांदा दोनदा वर गेला. तो थांबण्याची त्याने वाट पाहिली. "आठवतंय का बघ. शेवटच्या वर्षी तुझ्या बाबांच्या सदऱ्याची बटणं कोण लावायचं?"

ती रस्त्यावर कशी आली ते तिला कळलं नाही. भर दुपार होती, माणसं आपापल्या कामाला जात होती. बटणं ती लावायची. स्टुलावर उभी राहून. वडील म्हणायचे, चला, आमची बटणवाली आली.

तो खेळ आहे असंच ती आजवर समजत होती.

४

प्रयोगशाळेत तिने दार लोटून घेतलं.

काकांच्या परवानगीने तिने कडेवरच्या मेणाचा कण सुईच्या टोकावर आणला होता. सोबत काकांच्या लाखेचा तुकडा आणि मास्तरांच्या वडीचा तुकडा. तिन्ही तिने काचपट्टीवर ठेवले. भीती वाटत असताना माणसाने हाताला काम द्यावं, एवढं तिला कळत होतं.

लाख बोटाच्या उबेने ढिम्म राहिली, दाबली तर तडकली. मास्तरांचं मेण मऊ झालं, पण बोट उचलताच सुटं झालं. तिसरा कण बोटाला चिकटला. सुईने ओढला तर त्याची तार निघाली. तिने तो नाकाशी नेला. राळेचा वास. मेण, राळ आणि थोडंसं तेल. चिकटून राहावं, वाकलं तरी तडकू नये, पाणी आत जाऊ नये, यासाठी मुद्दाम बनवलेलं मिश्रण. ते कुठे वापरतात हे तिला माहीत होतं. आत्ता ते तिला आठवायचं नव्हतं.

म्हणून तिने दुसरं काम ओढलं. मास्तरांनी उतरवून दिलेल्या त्या वस्तीच्या जन्मनोंदी. बियांची उगवण मांडतात तशी तिने महिनावार मोजदाद मांडली.

पेरणीच्या महिन्यांत शून्य. निंदणीत शून्य. कापणी-मळणी होऊन धान्य बाजारात जाण्याच्या सुमाराला मात्र ढीगच्या ढीग. वर्षानुवर्षं तसंच.

माणसांची पोरं अशी मोसमाने जन्मत नाहीत.

मग तिला मास्तरांची जुळी आठवली. एवढी जुळी कुठल्याही वस्तीत होत नसतात. तारीख जन्माची नव्हतीच. शेतकरी धान्य विकायला शहरात यायचा तेव्हा कचेरीत जाऊन नोंद करायचा, आणि तीही मूल जगेल असं दिसल्यावर. कधी वर्षाने, कधी चार वर्षांनी. तोवर दुसरं झालेलं असलं तर दोघांची एका दिवशी. कारकुनाने आलेल्या दिवसाची तारीख घातली. मास्तरांनी त्या एका तारखेवरून जुळी केली, तिळी केली, आणि तिच्या खापरपणजोबांना एक आई दिली.

खापरपणजोबांची नोंद दुसऱ्या लग्नानंतरची होती. जन्म कधीचाही असू शकत होता. पहिली बायको जिवंत असतानाचाही.

आता पान नसलं तरी पानावर काय असेल ते तिला दिसू लागलं. मूल चांगलं चालतंबोलतं, आणि आईपुढे लिहिलेलं, मयत. कारण त्यावर दुसरी आई असती तर ते पान कापायचं कोणाला काय पडलं होतं? चांगली बातमी कोणी कापून नेत नाही.

चिमटा टेबलावरून खाली पडला. तिने तो ढकलला होता की तो हातातून सुटला होता, हे तिला सांगता येईना.

५

दुसऱ्या दिवशी दप्तरखाना उघडायच्या आधीच ती पायरीवर उभी होती.

"सापडलं का पान?" काकांनी कुलूप काढत विचारलं. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आमची ही म्हणते, तुम्हीच कुठेतरी चुरमुऱ्यांना गुंडाळलं असेल."

ती सरळ खिडकीशी गेली. कुंडीतल्या लिंबाच्या खोडावरची चिंधी तिने नखाने थोडी सरकवली. चिंधीखाली तिरका काप होता, एका ओढीत दिलेला, आणि त्यावर तपकिरी, चकचकीत, पातळ थर, कलमाला लावतात त्या मेणाचा. तिने बोट टेकवलं. बोट चिकटलं. वास घ्यायची गरज नव्हती, तरी तिने घेतला.

"काका, हे झाड कोणी दिलं?"

"अहो, तुमच्या आत्याबाईंनीच की! तुम्हाला ठाऊक नाही? महिना झाला असेल. म्हणाल्या, भाचीसाठी जुनं काही बघायचंय, आणि हे तुमच्या खिडकीला. बसल्या तिथेच वही घेऊन. मी जरा चहाला गेलो होतो." काका बोलता बोलता थांबले. तिचा चेहरा पाहून त्यांचा चेहरा बदलला. "नाही हो. त्या? एवढ्या मायाळू बाई?"

आत्या आठवड्यातून एकदा तिच्या घरी यायची, भाजी घेऊन. दाराची एक किल्ली तिच्याकडे असायची. मास्तर निरोप ठेवून गेले ते कोणाकडे, हेही आता विचारायला नको होतं.

६

आत्याची रोपवाटिका गावाबाहेर होती. जाळीच्या मांडवाखाली रांगेने कुंड्या, प्रत्येक खोडाला चिंधी. आत्या सत्तरी ओलांडलेली, पाठीला जरा पोक. बाकड्यावर बसून कलम बांधत होती. चाकू फिरला, फांदी पडली, आणि चाकू खाली ठेवायच्या आधीच तिच्या अंगठ्याने डबीतलं मेण उचलून कापावर लावलं. तिने त्याकडे पाहिलंही नाही. हात आपला आपण लावत होता.

"आलीस? बस. उन्हाची कशाला आलीस पोरी, तोंड बघ कसं झालंय."

"आत्या, तू कागदालाही मेण लावलंस."

चाकू थांबला. आत्याने वर पाहिलं नाही.

"शेजारचं पान सुटत होतं," ती हळूच म्हणाली. "जुनी शिवण. एक कापलं की जोडीचं गळतं. ते बिचारं कोणाचं काय करत होतं? म्हणून चिकटवलं." मग जरा वेळाने, "उघडा काप मला सोडवत नाही गं."

भिंगताईला वाटलं होतं आपण ओरडू. आवाज निघाला तो कुजबुजल्यासारखा. "का?"

"का म्हणजे? मास्तर तुझ्या दारात येऊन नाचत होता. वही सापडली, आता धाकटीचा मुलगा किती वर्षांचा होता तेही कळेल, छापतो म्हणे. मी आधी जाऊन बघितलं. पाच वर्षांचा पोर आणि आई मयत. दुसरीला घरात येऊन दोनच वर्षं झालेली. मला हिशेब येतो तेवढा."

"तू माझ्यापासून लपवलंस."

"हो, लपवलं!" आत्या ताडकन म्हणाली. "झाडाला आतून कीड लागलीय आणि औषध नाही, तर सांगून काय करायचं? त्याला आलाय तो बहर तरी सुखाने येऊ दे. तू हसत होतीस. तुझी लेक हसत होती. मी बघितलंय न हसणारं घर."

"बाबांचं?"

आत्याने डबीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. तिचे हात तिच्या वयाच्या मानाने फार स्थिर होते. भिंगताईने ते आजवर हजारदा पाहिले होते आणि त्यांचा अर्थ कधी लावला नव्हता. झोका आत्याला चुकवून गेला होता, आणि आत्याला ते ठाऊक होतं.

"वर्षभर चाललं होतं त्याचं," आत्या म्हणाली. "चमचा सांडायचा. ऐकत नव्हता. शिडी चढू नको म्हटलं तर म्हणाला, मी काय म्हातारा झालोय? मी खालीच उभी होते. वर बघत." तिचा आवाज फाटला. "सगळ्यांना सांगितलं पाय घसरला. तेवढंच मला करता आलं."

कुठेतरी पाण्याची नळी ठिबकत होती. भिंगताई बाकड्याच्या कडेला बसली. जे तिने दप्तरखान्यात शोधलं ते तिच्या स्वतःच्या घरात, सदऱ्याच्या बटणांत होतं. ती दीडशे वर्षांमागे जाऊन शोधत राहिली होती, कारण तिथली माणसं मेलेली होती आणि तिथे भीती कमी वाटायची.

आत्याने बियांच्या डब्याच्या तळाशी सपाट ठेवलेला कागद काढला. "जाळायला गेले होते. नाही जाळवलं. घे."

"मला नको. काकांना नेऊन दे. त्यांची नोकरी आहे त्यावर." तिने कागदाकडे पाहिलंही नाही. "त्या पानाने फार तर खापरपणजोबांचं कळेल. माझं नाही कळायचं."

"कशाला कळायला हवं?" आत्याने तिचं मनगट धरलं. राळेने चिकट झालेली बोटं. "नसलाच तुला तर? निम्मी शक्यता असते ना, तूच म्हणतेस. तशीच राहा की निम्मीत. मी म्हातारी तुझ्या पाया पडते."

"आत्या, माझ्या हातातून चिमटा पडतो. तो का पडतो ते मला माहीत नाही. वस्तू पडली की मी आधी दार बघते, कोणी पाहिलं का. दादाच्या दारात मी उभी राहिले आणि मला पळून जावंसं वाटलं. निम्मीत मी राहत नाहीये गं. मी पूर्णच घाबरलेली असते. रोज."

आत्याने हात सोडला नाही, पण पकड सैल झाली.

भिंगताईने दुसऱ्या हाताने फोन काढला. लेकीने लगेच उचलला. मागे मुलींचा गलका होता.

"आई? या वेळी? काय झालं?"

"बाजूला जाऊन बोल जरा." ती थांबली. गलका दूर गेला. बोटं थरथरत होती. ती भीतीने की आणखी कशाने, हे भिंगाखाली धरूनही कळलं नसतं. "तू दोनदा विचारलं होतंस, आपण त्यातले आहोत का. मी नाही म्हटलं. ते खरं नव्हतं. आपण थोरलीचेच आहोत. आजोबांना होता."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "मग आता?"

भिंगताईने आत्याकडे पाहिलं. म्हातारीने डोळे मिटून घेतले होते, जणू पुन्हा शिडीखाली उभी होती आणि या वेळी वर बघवत नव्हतं.

"सोमवारी मी तपासणीसाठी रक्त द्यायला जाते आहे," ती म्हणाली.